बंबाच्या पोटातला नारळ

आगीच्या बंबाला आग लावलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी. काडी लावून नव्हे, श्रद्धेनं लावली. त्यामुळं प्रकरण आणखीच वाईट झालं, कारण काडी लावणाऱ्याला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं.

तळवड्यात आमचा कारखाना आहे. मोठ्या कंपनीकडून ट्रकची नुसती चासी येते, म्हणजे चाकं, इंजिन आणि पुढची केबिन. त्यावर पाण्याची टाकी, पंप, कप्पे, शिडी, वरचे लाल दिवे चढवून आम्ही तिचा बंब करतो. बॉडी फिटिंगचा मी हेड. हेड म्हणजे पहिली शिवी ज्याला बसते तो.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मालकांच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. चाकणजवळ एका भंगाराच्या गोदामाला आग लागली होती. आमचा बंब तिथं एका जागी उभा राहून दीड-दोन तास पाणी मारत होता. गोदामाची आग आटोक्यात आली आणि बंबाच्याच डाव्या कुशीतून धूर निघायला लागला. मग जवानांनी भंगार सोडून पाइप आपल्याच गाडीवर धरला. कुणाला काही झालं नाही, गाडीही वाचली. व्हिडिओ काढणारा मात्र मागून जीव तोडून ओरडत होता, "आरं, बंब पेटला! कुणीतरी बंब बोलवा!"

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

तासाभरानं मालकांनी सगळ्या सेक्शनच्या लोकांना केबिनमध्ये बोलावलं. "नवीन चासीवर आपण आठ गाड्या दिल्या. आठही परत बोलवायच्या. लोकांना सांगताना रिकॉल म्हणायचं. शब्द बरा आहे, मोठ्या कंपन्या वापरतात." मग त्यांनी जळलेल्या जागेचे फोटो दाखवले. वायरींची जाड लड वितळून एकमेकीला चिकटली होती. "हे वायरिंग," मालक म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना ताईंकडं वळल्या. माझीही.

ताई म्हणजे वायरिंगच्या ताई. लातूरकडच्या. बारा वर्षांपूर्वी रोजंदारीवर टेबलं पुसायला आल्या, वायरी सोलता सोलता शिकल्या, आणि आता अख्ख्या गाडीची लड त्यांच्या हाताखाली बनते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांच्या अक्षरातला नंबर असतो. त्याच महिन्यात त्यांना कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं. टाइप झालं होतं, मालकांची सही तेवढी बाकी होती.

"सोमवारपर्यंत दोष शोधा," मालक म्हणाले. "वायरिंगचाच निघाला तर मला ते काम बाहेर द्यावं लागेल."

काम बाहेर म्हणजे ताई बाहेर, हे तिथल्या पंख्यालाही कळलं.

ताईंचा आवाज चढला नाही. "साहेब, दोष माझा असला तर मीच बोट ठेवून दाखवीन. नसला तर मी कुणाचंच ऐकणार नाही. आधी गाडी आणा की."

गुरुवारी सकाळी गाडी आली. ताई वरून लड तपासत होत्या आणि मी बॅटरी घेऊन खालून शिरलो. जळलेला पत्रा, काजळी, वितळलेलं प्लास्टिक. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, सायलेन्सरला टेकून, बांधायच्या तारेचा एक वेढा. तीन पीळ दिलेले आणि टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून. असा वेढा कारखान्यात एकच माणूस देतो. तो माणूस त्या वेळी गाडीखाली उताणा पडला होता आणि त्याला दरदरून घाम सुटला होता.

वेढ्यात अर्धी काळी करवंटी होती.

आता मागचं सांगतो. मी नवीन असताना पहिला बंब बांधला, त्याच्या टाकीचं वेल्डिंग माझं होतं. तपासणीच्या दिवशी ती टाकी गळली. गळली तीही नेमकी तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांच्या बुटात. दुसऱ्या गाडीच्या वेळी मी देहूच्या रस्त्यावरून नारळ आणला, लाल कापडात गुंडाळला आणि गाडीला बांधला. टाकी थेंबभर गळली नाही. त्या टाकीचं वेल्डिंग माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं होतं, ही बाब मी हिशेबात धरली नाही. श्रेय नारळाला गेलं. तेव्हापासून प्रत्येक गाडीला नारळ.

पुढं एका गिऱ्हाइकानं तक्रार केली की नव्या गाडीवर हार, लिंबं, नारळ लोंबतात, तपासणीला बरं दिसत नाही. मालकांनी नोटीस लावली, गाडीला काहीही बांधायचं नाही. पूजा करा, नारळ फोडा, संपलं. आता एवढ्यावर ऐकलं असतं तर मी मी कसला? मी नारळ आत नेला. टाकी आणि डावा कप्पा यांच्यामध्ये वीतभर पोकळी असते. तिथं ब्रॅकेटला बांधला की वरून पत्रा बसतो, तीन बोल्ट लागतात, आणि नारळ जगाच्या नजरेआड. मला फार हुशारी वाटली होती. गाडीला संरक्षण, नोटिशीचा मान, आणि कुणाला पत्ता नाही.

जुन्या चासीला सायलेन्सर उजवीकडं असायचा. नवीन चासीला तो डावीकडं आला. मालकांना हे माहीत होतं, ताईंना माहीत होतं, नकाशावर होतं, आणि त्या नकाशावर फिटिंगचा हेड म्हणून माझी सही होती. माझ्या हाताला मात्र कुणी सांगितलं नाही. हात सवयीनं डावीकडंच जात राहिला. गाडी पळत असते तोवर सायलेन्सरला वारा लागतो. एका जागी उभं राहून पंप चालवला की तो भट्टीसारखा तापतो. त्याला टेकून मी वाळलेली शेंडी आणि सुती कापड बांधलं होतं. तारेनं, घट्ट, निसटू नये म्हणून.

असं आठ वेळा.

धाडसी माणूस असता तर तिथूनच ओरडला असता. मी पकडीनं तार तोडली, करवंटी खिशात घातली आणि बाहेर येऊन म्हणालो, "काजळी फार आहे."

सुट्टीच्या वेळी करवंटी डब्याच्या पिशवीत घातली. पण तांब्याच्या वायरी चोरीला जायला लागल्यापासून आमच्या गेटवर पिशव्या तपासतात. वॉचमननं पिशवी उघडली, करवंटी उचलली, उलटसुलट केली.

"हे काय हो भाऊ?"

"प्रसाद."

"जळालेला?"

"नवस कडक होता," मी म्हणालो.

त्यानं करवंटी कपाळाला लावून परत ठेवली. घरी पोचेपर्यंत त्याच्या कपाळावरचा तो काळा ठिपका मला दिसत राहिला.

घरी पिशवी नेहमीसारखी बायकोनं रिकामी केली. आम्ही इथलेच, चाकण परिसरातले. शेती रस्त्यात आणि कंपन्यांत गेली, बोली मात्र तिनं जशीच्या तशी ठेवली आहे. "हे काय आणलंय? डब्यात कोळसा?"

मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं करवंटी ओट्यावर ठेवली.

"मंग त्या बाईला सांगितलं का?"

"सांगतो ना. जरा बघून."

"काय बघायचं हाय? ती जाईस्तवर बघणार का?"

मी म्हणालो की शुक्रवारी सांगतो. तिनं करवंटी देवळीत, माझ्या चष्म्याच्या शेजारी ठेवली. रोज सकाळी चष्मा घ्यायला गेलो की दिसावी म्हणून.

शुक्रवारी ताईंनी अख्खी लड गाडीतून काढून शॉपच्या फरशीवर पसरली. खाली पुठ्ठे घातले, बाजूला मीटर ठेवला, आणि इंजिनाच्या टोकापासून एकेक वायर बोटानं चाचपत मागं यायला लागल्या. वितळलेला भाग कापून बाजूला मांडला, नंबर लावून. दुपारी गुडघ्याखाली पोतं घेतलं, पण उठल्या नाहीत. मी त्यांना तीनदा चहा नेऊन दिला.

तिसऱ्या कपाला त्यांनी वर बघितलं. "भाऊ, आज लईच सेवा चाललीय. काही सांगायचंय का?"

"नाही. साखर पुरतेय का विचारायचं होतं."

"पुरतीय."

त्या परत खाली वाकल्या. मी तिथून निघालो आणि स्वतःला एक युक्ती सुचवली. अशा युक्त्या मला नेहमी सुचतात, आणि प्रत्येक युक्तीनंतर माझी अवस्था आधीपेक्षा वाईट होते. युक्ती अशी की गाड्या एकेक करून परत येतीलच. आली की आपण गुपचूप नारळ काढायचा. पुढं आग लागणार नाही, दोष सापडणार नाही, आणि सगळं आपोआप विसरलं जाईल. ताईंचं काय, हा प्रश्न त्या युक्तीत कुठंच बसत नव्हता. म्हणून मी तो विचारलाच नाही.

शनिवारी दुसरी गाडी आली. जेवणाची घंटा झाली, शॉप रिकामं झालं, मी खाली शिरलो. पत्र्याचे बोल्ट काढले, हात घातला, तार तोडली. हा नारळ अजून पेटला नव्हता, पण कापड एका बाजूनं तपकिरी पडलं होतं. ते बघून माझ्या हाताची पकड सुटली. नारळ आधी माझ्या कपाळावर पडला, तिथून फरशीवर, आणि घरंगळत गाडीखालून बाहेर गेला.

बाहेर तो थांबला. कुणाच्या तरी सेफ्टी शूजला लागून थांबला, ते मला खालून दिसलं. शूज लहान मापाचे होते.

मी खाली, ताई वर. मग त्यांचा हात खाली आला आणि नारळ वर गेला.

"हे किती गाड्यांत हाय?"

"आठ," मी गाडीखालूनच म्हणालो.

"सायलेन्सरच्या बाजूला?"

"हो."

"आणि मी दोन दिवस झालं जमिनीवर बसून वायरी मोजायलेय." आवाज तसाच, न चढलेला. "चहा पाजत होता तुम्ही मला."

मी बाहेर आलो. कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं. "ताई, सोमवारी सकाळी साहेबांना मी स्वतः…"

"आत्ता."

"जेवायला बसलेत ते."

"बसू द्या."

मालक खरंच जेवत होते. ताईंनी नारळ त्यांच्या टेबलावर, डब्याच्या शेजारी ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या. मी सुरुवातीपासून सांगितलं. टाकी, बूट, नोटीस, डावीकडचा सायलेन्सर, करवंटी, प्रसादसुद्धा. मालकांचा घास हातातच राहिला. मी थांबल्यावर त्यांनी तो परत डब्यात ठेवला आणि फार शांतपणे विचारलं, "रिकॉलच्या पत्रात काय लिहू मी? नारळ?"

"हो साहेब."

"अरे, पत्र अग्निशमन केंद्रांना जाणार. वायरिंग लिहिलं तर लोक म्हणतील, होतं असं. नारळ लिहिलं तर आपण असेपर्यंत हसतील. ताईंना मी काही करत नाही, शब्द देतो. पण कागदावर वायरिंगच राहू दे."

इथं मला सुटका दिसली, हे कबूल करतो. ताईंची नोकरी राहणार, माझं हसं टळणार, कारखान्याची अब्रू शाबूत. मी ताईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. वितळलेल्या लडीचे ते फोटो अजून टेबलावर पडले होते आणि त्या त्यांतले आपले नंबर वाचत होत्या.

"नाही साहेब," मी म्हणालो. "वायरिंग लिहिलं तर केंद्रावरची माणसं वायरिंगच तपासतील. नारळ आतच राहील. उद्या पुन्हा एखादा बंब कुठं दोन तास उभा राहिला तर? टाकीतलं पाणी तोवर संपलं असलं तर?"

मालकांनी डब्याला झाकण लावलं.

"आणि ताईंच्या प्रत्येक वायरीला नंबर आहे. माझ्या नारळाला नंबर नाही. ज्या वस्तूला नंबर नाही ती गाडीत गेली कशी, हे मला विचारा. पत्रात माझा हुद्दा लिहा. हसतील तर मला हसतील, मला सवय आहे. आणि साहेब, उरलेले सगळे नारळ मी माझ्या हातानं काढणार. शेवटचा निघेपर्यंत मला रजा नको."

"रजा मागितलीय कुणी? तुला मेमो मिळणार आहे."

"तोही द्या."

तेव्हा ताई बोलल्या. "साहेब, माझंही लिहा. लड सायलेन्सरपासून चारच बोटं लांब हाय. नारळ नसता तरी ते कमीच. तिथं तापरोधक स्लीव्ह पाहिजे होती, आणि मी ती मागितली नाही. गाड्या बोलवल्याच हायत तर आठही गाड्यांना घालते."

ज्यांच्या नोकरीवर आलं होतं, त्यांनी स्वतःहून असं म्हणावं? मला फार लाज वाटली. म्हणजे आधीही वाटत होती, पण ती पकडलं गेल्याची होती.

पत्र मीच लिहिलं. 'गाडीच्या डाव्या बाजूस, सायलेन्सरलगत, आमच्या फिटिंग विभागप्रमुखाने लाल कापडात गुंडाळलेला नारळ बांधलेला आहे. तीन बोल्ट काढून तो तातडीने बाहेर काढावा व गाडी पुढील कामासाठी आमच्याकडे पाठवावी.' मालकांनी ते दोनदा वाचलं, डोळे मिटून सही केली.

त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. एक अधिकारी म्हणाले, "हे पत्र खरंय का कुणी चेष्टा केलीय?" दुसऱ्या केंद्रावरून कुणी जवान बोलत होता, "नारळ निघाला साहेब. फोडू का?" मी प्रत्येकाला सांगितलं, फोडा, पण गाडीपासून लांब. पुढच्या आठवड्यात गाड्या यायला लागल्या. केंद्र बंबाशिवाय राहू नये म्हणून आम्ही बदली गाडी घेऊन जायचो आणि त्यांची घेऊन यायचो. नारळ काढलाय असं सांगितलेल्या गाडीतही मी पुन्हा हात घालून बघायचो. ताई स्लीव्ह घालायच्या, मी खालून पकडून धरायचो. त्या कामापुरतंच बोलायच्या. "धरा." "सोडा." चहा नेला तर म्हणायच्या, ठेवा तिकडं.

सात झाल्या. आठवी अडली.

ती चाकणच्या पुढं एका छोट्या केंद्रावर होती. तिथला ड्रायव्हर गाडी द्यायलाही तयार नव्हता आणि नारळ काढायलाही. आम्ही दोघं बदली बंब घेऊन गेलो. ड्रायव्हरनं गाडीचा पत्रा आधीच काढून ठेवला होता. आत नारळाला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि ब्रॅकेटच्या भोकात खोचलेल्या उदबत्तीची काडी.

"आवो, तिथं उदबत्ती?" मी ओरडलोच.

"आत नारळ हाय हे कळल्यापासनं रोज लावतो. हात लावायचा न्हाई राव," तो म्हणाला. "पत्र वाचलं आमी. पर ह्यो नारळ हाय म्हणून ही गाडी कवा अडली न्हाई. त्या दुसऱ्या गाडीनं काय केलं आसंल त्याला आमी काय करायचं?"

मी त्याला सगळं समजावलं. त्यानं सगळं ऐकलं आणि परत म्हणाला, "न्हाई." वाईट म्हणजे मला त्याचं पटत होतं. अगदी असंच मी स्वतःशी कित्येक वर्षं बोलत आलो होतो.

ताईंनी वाद घातला नाही. आधी उदबत्तीची काडी आणि फूल काढून घेतलं. मग मला म्हणाल्या, "भाऊ, या गाडीचा पंप चालू करा. पाणी हौदातून घेऊन हौदातच सोडा." बदली गाडीचा पाइप त्या गाडीकडं वळवून हातात धरून त्या उभ्या राहिल्या. आम्ही तिघं त्या उघड्या पोकळीसमोर. दहा मिनिटं काही नाही. ड्रायव्हर तंबाखू मळत हसत होता. वीस मिनिटांनी आतून गरम हवा यायला लागली. अर्ध्या तासानं ताई त्याला म्हणाल्या, "दादा, देव तुमचा. तुम्ही हात लावून बघा."

त्यानं हात आत घातला आणि लगेच मागं घेतला. परत घातला, या वेळी वाकून बघत. कापडाची एक कड आमच्या डोळ्यांदेखत पिवळी पडत होती. करपल्याचा वास आला.

"बंद करा," तो म्हणाला. "आवो बंद करा की!"

मी पंप बंद केला. गार होईपर्यंत तो तिथंच उकिडवा बसून राहिला. मग मी पकड पुढं केली, तर त्यानं ती माझ्या हातातून घेतली. "बांधला तुमी, पर सोडतो मी." म्हणजे शेवटचा नारळ मी माझ्या हातानं काढला नाही. एवढा मोठा पण केला होता, तो माझ्याच पत्रानं आधीच अर्धा मोडला होता, आता शेवटालाही चुकला. तार तोडून त्यानं नारळ दोन्ही हातांत धरला आणि इकडंतिकडं बघितलं. "आता ह्याला ठेवू कुठं?"

"ऑफिसात," ताई म्हणाल्या. "टेबलावर. तिथं काही तापत नाही."

परत येताना मी गाडी चालवत होतो. तळवडे चौकातल्या सिग्नलला ताई म्हणाल्या, "साखर कमी असते तुमच्या चहात."

त्या आठवड्यात मालकांनी दोन कागदांवर सह्या केल्या. एक ताईंचं कायम केल्याचं पत्र, एक माझा मेमो. मेमो बायकोनं वाचला, घडी केली आणि देवळीत करवंटीखाली ठेवला. दोन्ही अजून तिथंच आहेत.

नवीन गाडी निघते तेव्हा आजही गेटवर पूजा होते. नारळ मीच आणतो, मीच फोडतो. पण आता गाडी सोडण्याच्या कागदावर शेवटची सही ताईंची लागते, आणि त्या पेन हातात धरून समोर उभ्या असतात. खोबरं सगळ्यांना वाटून होतं. मग त्या मला दोन्ही करवंट्या दाखवायला लावतात. मी दाखवतो. उरलेला तुकडा तोंडात टाकतो. तो चावून होईपर्यंत गाडी गेटच्या आतच उभी असते, इंजिन चालू, ड्रायव्हर वैतागलेला.

"गिळला?" ताई विचारतात.

मी तोंड उघडून दाखवतो. मग सही होते.